व्हिक्टोरियन पोरं ब्लॅकबेरीसाठी शाळा का बुडवायची? आणि सैतान थुंकतो ही काय भानगड?

मीठभाकर

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या. आम्ही सध्या इंग्लंडात हेरफर्डशरमध्ये असतो, वेल्सची हद्द इथून जवळच. इथल्या जुन्या कागदपत्रांच्या एका प्रकल्पासाठी मी घरबसल्या थोडं व्हॉलंटियर काम करते, म्हणजे स्कॅन केलेली पानं येतात आणि आपण ते अक्षर लावून टाईप करून द्यायचं. सध्या हातात एका खेड्यातल्या शाळेचं लॉगबुक आहे, १८७० नंतरचं, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं. हेडमास्तरांचं अक्षर झकास, पण माणूस बारा महिने वैतागलेला. पाऊस पडला म्हणून मुलं नाहीत, जत्रा आहे म्हणून नाहीत, आणि सप्टेंबर लागला की एकच रड, अर्धा वर्ग ब्लॅकबेरी वेचायला गेलाय नाहीतर आयांबरोबर हॉप्स (बिअरमध्ये घालतात ती वेलीवरची फुलं) तोडायला. ते आटपतं तोवर बटाटे येतात.

तर प्रश्न असा की हे नक्की काय होतं? त्या काळच्या चित्रांत बघावं तर गुबगुबीत पोरं, पांढरे एप्रन, हातात टोपली, मागे कुंपण आणि ऊन. मास्तरांच्या सुरावरून मात्र पिकनिक वाटत नाही. बरं, त्याच काळातल्या पेपरांत-कादंबऱ्यांत एखादी गोष्ट पैशाला पासरी आहे असं सांगायचं असलं की ब्लॅकबेरीइतकी मुबलक म्हणतात. इतकी फुकटात मिळणारी वस्तू असेल तर शाळा बुडवून वेचायची कोणासाठी, विकत घेणार कोण?

आणि अजून एक. शेजारच्या आजी (पक्क्या इथल्याच, जन्म याच गावातला) मला ऑक्टोबरात कुंपणावरच्या ब्लॅकबेऱ्या काढताना बघून म्हणाल्या, आता राहू दे गं, सैतान थुंकून गेला त्यांच्यावर. हसत म्हणाल्या खऱ्या, पण मी पुढे केलेल्या वाडग्यातली एकही उचलली नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

जुनाबाजार

काम. सरळ उत्तर काम. मजा असणारच, पोरं दिवसभर उन्हात आणि मास्तर नजरेआड म्हटल्यावर मजा येणारच, पण घरची माणसं पाठवत होती ती पैशासाठी.

मास्तर का वैतागलेत ते आधी बघा म्हणजे बाकीचं आपोआप उलगडेल. १८६२ साली रॉबर्ट लो या मंत्र्याने सरकारी अनुदानाचा नवा नियम आणला, निकालावर पैसे. सुरुवातीचा दर असा होता की सरासरी हजेरीवर डोक्यामागे ४ शिलिंग (१२ पेन्सचा एक शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड), आणि वर्षातून एकदा इन्स्पेक्टर येऊन परीक्षा घेणार त्यात वाचन, लेखन, गणित यातल्या प्रत्येक विषयात पास झालेल्या पोरामागे २ शिलिंग ८ पेन्स. म्हणजे पोरगं कुंपणात गेलं की शाळेचं अनुदान गेलं, आणि बऱ्याच ठिकाणी मास्तरांचा पगार या अनुदानाला बांधलेला. तुमच्या हातातलं लॉगबुकसुद्धा त्याच नियमाने सक्तीचं झालेलं, रोजची हकिकत लिहायची, मतं लिहायची नाहीत. तरी मतं झिरपतातच.

आता आईच्या बाजूने बघा. शाळा फुकट नव्हती, आठवड्याला थोडे पेन्स फी द्यावी लागायची, ती बहुतेक शाळांत १८९१ ला गेली. १८७० च्या कायद्याने शाळा वाढल्या, पण ५ ते १० वयाच्या मुलांना देशभर शाळेची सक्ती झाली १८८० साली. नवरा शेतमजूर, दक्षिणेत आणि पश्चिमेत आठवड्याची मजुरी दहा-बारा शिलिंगच्या आसपास, त्यात भाडं, ब्रेड, कोळसा. पोरांचे बूट त्यात बसतच नाहीत. ते यायचे वरकड कमाईतून, कापणीनंतर शेतात पडलेली कणसं वेचणं, हॉप्स, ब्लॅकबेरी. यातली ब्लॅकबेरी सगळ्यात सोयीची कारण तिला ना मुकादम, ना अवजार, ना ओळख. पाच वर्षांचं पोरसुद्धा खालच्या फांदीवरची काढतं.

आणि वेळ बघा. २९ सप्टेंबर म्हणजे सेंट मायकलचा सण, मायकलमस. हा तिमाहीचा दिवस, भाडी त्या दिवशी भरायची, नोकर-गड्यांचे करार बऱ्याच भागांत त्याच सुमाराला बदलायचे. ब्लॅकबेरी पिकते ऑगस्टच्या शेवटापासून त्या दिवसापर्यंत. घरात रोकड हवी ते नेमके हेच आठवडे. शाळा बुडवल्याबद्दल पालकांना दंड करायचा तर तो करणारे मॅजिस्ट्रेट बहुधा मोठे जमीनदार, आणि शाळेच्या कारभारात बसलेले शेतकरीच हंगामात पोरं कामाला लावणारे. त्यामुळे मास्तर लिहून लिहून थकायचे आणि होत काही नव्हतं. शेवटी पुष्कळ शाळांनी सुट्टीच हंगामाप्रमाणे पुढेमागे केली. ईशान्य इंग्लंडात, नॉर्थम्बरलँड-डरहॅमकडे, ऑक्टोबरातल्या मधल्या सुट्टीला अजूनही ब्लॅकबेरी वीक म्हणतात.

घेणार कोण याचं उत्तर आहे साखर. साखरेवरचा कर १८७० ला निम्मा झाला, १८७३ ला परत निम्मा, १८७४ ला साफ काढून टाकला. त्याबरोबर जॅमचे कारखाने उभे राहिले. लँकशरमधल्या कोल्न गावच्या विल्यम हार्टली या किराणा दुकानदाराला ठरल्याप्रमाणे कोणी जॅम पुरवेना म्हणून त्याने १८७१ मध्ये स्वतःच करायला घेतला, केंब्रिजजवळ चिव्हर्सनी १८७३ ला सुरू केलं, एसेक्समध्ये टिपट्रीला विल्किननी १८८५ ला. लोणी परवडत नाही अशा गिरणी कामगाराच्या घरी ब्रेडला लावायला जॅम आला. कारखान्यांचं मुख्य फळ स्ट्रॉबेरी आणि प्लम, पण कुंपणातली ब्लॅकबेरीसुद्धा गावोगाव फिरणारे छोटे व्यापारी वजनावर घ्यायचे आणि रेल्वेने शहराकडे जायची. रेल्वे नसती तर हे फळ दोन दिवसांत पाणी होतं, गावाबाहेर गेलंच नसतं.

गंमत म्हणजे १९१८ मध्ये, पहिल्या महायुद्धात, सरकारनेच शाळांना सांगून मुलांकडून ब्लॅकबेऱ्या वेचून घेतल्या, सैनिकांच्या जॅमसाठी. तेव्हा कोणा मास्तरांनी हजेरीची तक्रार केली नसावी.

देवगडकर

+१ जुनाबाजार. आमच्याकडची करवंदंच झाली की ही. काटे तेच, रानमेवा तोच, रस्त्याकडेला पानाच्या द्रोणात विकायला बसलेल्या बायका त्याच आणि गाडीतून उतरून दहा रुपयांसाठी घासाघीस करणारे आपण पण तेच.

निशाचर

सैतानाचं मी सांगतो, माझा आवडता विषय.

गोष्ट अशी की सैतानाने देवाविरुद्ध बंड केलं, सेंट मायकलने त्याला स्वर्गातून खाली ढकललं आणि तो पडला तो थेट ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळीत. तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी येऊन तो जाळीवर सूड उगवतो. आता काय करतो हे गावागणिक बदलतं. कुठे थुंकतो, कुठे लाथ मारतो, कुठे शेपटी फिरवतो, स्कॉटलंडकडे आपला झगा टाकतो आणि काही ठिकाणी तर मुततो (सभ्य व्हिक्टोरियन संग्राहकांनी हे शेवटचं लिहिताना बरीच कसरत केलीय). आयर्लंडमध्ये हे काम सैतानाऐवजी पूका नावाचं भूत करतं आणि तारीख थेट हॅलोविनची.

तारखेचा घोळ पण मजेशीर आहे. मायकलमस २९ सप्टेंबरला, मग तुमच्या आजी ऑक्टोबरात का म्हणाल्या? तर १७५२ मध्ये ब्रिटनने कॅलेंडर बदललं, २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला, अकरा दिवस गायब. सरकारने तारीख बदलली म्हणून झाडं काही अकरा दिवस आधी पिकायला लागली नाहीत. त्यामुळे खेड्यांत जुना मायकलमस धरत राहिले, तो येतो १० ऑक्टोबरला, काही जण ११ म्हणतात. शे-सव्वाशे वर्षांनी व्हिक्टोरियन काळातही सैतान जुन्याच पंचांगाने चालत होता आणि आजींच्या हिशोबाने आजही चालतो.

यात तथ्य किती म्हणाल तर बऱ्यापैकी. ऑक्टोबरात रात्री थंड, ऊन कमी, फळात साखर भरत नाही, पाणचट लागतं. ओलीमुळे करड्या रंगाची बुरशी येते. आणि माश्या. माशी फळावर बसली की आधी लाळ सोडते, फळ विरघळवते आणि मग शोषते. म्हणजे कोणीतरी थुंकून गेलेलं असतं हे अक्षरशः खरं आहे, फक्त शिंगं नसतात.

मला स्वतःला वाटतं की या समजुतीचा खरा उपयोग पोरांना आवरायला होता. खराब फळ खाऊन पोट बिघडेल हे दहा वेळा सांगून जे होत नाही ते सैतानाचं नाव काढल्यावर एका वाक्यात होतं.

अजून एक सांगून थांबतो. ब्लॅकबेरीची लांब फांदी वाकून उन्हाळ्याअखेरीस तिचं टोक जमिनीला टेकतं आणि तिथेच मूळ धरतं, म्हणजे दोन्ही बाजूंनी जमिनीत गेलेली कमान तयार होते. डांग्या खोकला झालेल्या किंवा मुडदूस असलेल्या पोराला या कमानीखालून काढायचे, काही भागात नऊ वेळा. फोडं आलेली मोठी माणसंसुद्धा खालून रांगत जायची. कॉर्नवॉलमध्ये भाजलं तर ब्लॅकबेरीची नऊ पानं झऱ्याच्या पाण्यात भिजवून लावायची आणि वर मंत्र, पूर्वेकडून तीन देवदूत आले, एकाने आग आणली दोघांनी बर्फ, आग जा आणि बर्फ ये, अशा अर्थाचा. १८६० च्या दशकात आगगाड्या धावत होत्या, तारायंत्र होतं आणि हे पण चालू होतं. पाला-मुळी जुलाबावर उकळून द्यायचे त्यात मात्र दम आहे, टॅनिन म्हणजे तुरट द्रव्य भरपूर असतं त्यात.

मीठभाकर

बापरे, एवढं सगळं! मनापासून आभार. निशाचर, तुमचं वाचून लगेच लॉगबुक उघडून बघितलं की १० ऑक्टोबरनंतर ब्लॅकबेरीच्या नोंदी थांबतात का. थांबतात, पण त्याच सुमाराला बटाटे सुरू होतात त्यामुळे सैतानामुळे थांबल्या की बटाट्यामुळे हे कळायला मार्ग नाही.

दोन पोरांना गेमकीपरने (जमीनदाराच्या शिकारीच्या पक्ष्यांचा राखणदार) पकडून शाळेत आणून सोडल्याची पण एक नोंद आहे. ब्लॅकबेरी तोडणं गुन्हा होता का? रानातली तर होती.

वकीलसाहेब_नाशिक

तोडणं गुन्हा नव्हता. गेमकीपरला ब्लॅकबेरीशी देणंघेणं नव्हतं, त्याला चिंता फेझंटची. त्या पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो, पार्ट्रिजचा (तितरासारखा पक्षी) १ सप्टेंबरला, आणि मालकाने वर्षभर पैसे ओतून पाळलेले पक्षी ज्या झुडपात बसतात त्याच झुडपात ही पोरं डबे वाजवत शिरणार. शिवाय टोपलीत वर ब्लॅकबेरी आणि खाली ससा, हा संशय कायम. १८६२ च्या पोचिंगच्या म्हणजे चोरट्या शिकारीच्या कायद्याने तर पोलिसांना रस्त्यावरून जाणाऱ्या संशयिताची झडती घ्यायचा अधिकार दिला होता, म्हणजे संध्याकाळी भरलेली टोपली घेऊन येणारी कोणीही बाई थांबवता येत होती.

फळाचा कायदा मात्र वेगळा. इंग्लिश कॉमन लॉप्रमाणे रानात आपोआप उगवलेली वस्तू ही बागेत लावलेल्या पिकासारखी मालमत्ता धरत नव्हते. १८६१ च्या कायद्यांत बागेतली फळं चोरणं, लावलेली झाडं-पिकं तोडणं याला शिक्षा होत्या. १८८७ मध्ये गार्डनर विरुद्ध मॅन्सब्रिज असा खटला झाला, तो मशरूमचा, पण मुद्दा हाच. कोर्टाने सांगितलं की शेतात आपोआप उगवलेले मशरूम तोडणं हा त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही. शेतात शिरलात हा दिवाणी मामला, मालक तुम्हाला बाहेर काढू शकतो, नुकसान झालं असेल तर दावा लावू शकतो, पण जेल नाही. 'आत आल्यास खटला भरू' अशा पाट्या तेव्हाही सगळीकडे होत्या आणि बहुतेक पोकळ होत्या. हे गावच्या मजुराच्या बायकोला कोण सांगणार, ती पाटी बघूनच घाबरणार.

आजचा कायदा पण त्याच वळणाचा आहे. १९६८ च्या थेफ्ट ॲक्टमध्ये स्पष्ट लिहिलंय की रानटी झाडावरची फळं, फुलं, पानं तोडणं चोरी नाही, विकायच्या उद्देशाने तोडली तर चोरी. आता विनोद बघा, १८८० ची ती आई आजच्या कायद्यात बसवली तर चोर ठरते, आणि मीठभाकर ताई रविवारी हौस म्हणून वाडगाभर काढतात ते चालतं.

ज्या कुंपणांवर ही ब्लॅकबेरी वाढायची ती कुंपणं आली कुठून हेही बघायला हवं. हेरफर्डशरकडची बरीच फार जुनी आहेत, पण मध्य इंग्लंडात साधारण १७५० ते १८५० मध्ये पार्लमेंटच्या कायद्यांनी गावाची सामाईक जमीन वाटून टाकली, कडेने हॉथॉर्नची कुंपणं लावली. गाय चारायचा, सरपण आणायचा मजुराचा हक्क त्यात गेला. मग त्याच कुंपणात पक्ष्यांनी बिया टाकल्या आणि जाळ्या माजल्या. गायरान गेलं आणि बदल्यात बांधावरचे काटे आणि फळं हाती आली. लंडनच्या बाजूला एपिंग फॉरेस्ट १८७८ च्या कायद्याने वाचलं म्हणून ईस्ट एंडची गरीब माणसं रविवारी तिथे जाऊ शकत होती, सगळ्यांचं नशीब तसं नव्हतं.

शब्दवेल्हाळ

उशिरा आलो, पण 'पैशाला पासरी' वाला मुद्दा कोणी नीट घेतला नाही म्हणून लिहितो.

हा वाक्प्रचार व्हिक्टोरियन लोकांचा नाही, शेक्सपिअरचा आहे. 'चौथा हेन्री' नाटकाच्या पहिल्या भागात फॉल्स्टाफ हा राजपुत्राचा बढाईखोर दोस्त थापा मारताना पकडला जातो, कारण विचारल्यावर म्हणतो कारणं ब्लॅकबेरीइतकी मुबलक असली तरी कोणाच्या जबरदस्तीने मी एकही देणार नाही. व्हिक्टोरियन पत्रकारांनी ते घासून गुळगुळीत केलं, वकील, कवी, लॉर्ड, अफवा, जे जास्त झालं ते सगळं ब्लॅकबेरी. पण त्याच नाटकात, त्याच फॉल्स्टाफच्या तोंडी अजून एक वाक्य आहे जे या धाग्यावर जास्त शोभतं. राजाची नक्कल करत तो राजपुत्राबद्दल विचारतो की हा सूर्य आता शाळा बुडवून ब्लॅकबेऱ्या खात हिंडणारा उनाड निघणार का. उनाडाला तिथे 'मिचर' शब्द आहे. म्हणजे शाळा बुडवणं आणि ब्लॅकबेरी ही जोडी १५९० च्या दशकात सुद्धा ठरलेली होती, तुमचे हेडमास्तर पहिले नव्हेत.

आणि तो शब्द मेला नाही. ग्लॉस्टरशर, फॉरेस्ट ऑफ डीन, म्हणजे मीठभाकर तुमच्या अगदी शेजारी, तिथे 'मूच' म्हणजे शाळा बुडवून ब्लॅकबेरीला जाणं, आणि काही गावांत फळालाच मूच किंवा मूचर म्हणायचे. उत्तरेला त्याच फळाला 'बंबलकाइट', काइट म्हणजे पोट, जास्त खाल्ली की पोटात गुडगुडतं म्हणून. स्कॉटलंडात झुडूप आणि फळ दोन्ही ब्रॅम्बल. असले शब्द जोसेफ राइट यांनी १८९८ ते १९०५ मध्ये सहा खंडांच्या बोली कोशात गोळा केले. हा माणूस स्वतः यॉर्कशरमधला गिरणीत राबलेला पोरगा, पंधरा वर्षांचा होईपर्यंत वाचता येत नव्हतं, पुढे ऑक्सफर्डला प्रोफेसर झाला. शहरी विनोद पण होते, ब्लॅकबेरी हिरवी म्हणजे कच्ची असते तेव्हा लाल असते, हा पोरांचा कोड्यातला जुना खेळ.

आता माझी खरी तक्रार. कवयित्री एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग. तिच्या १८५६ च्या दीर्घ काव्यात सगळ्यांच्या पाठ असलेल्या ओळी आहेत, आशय असा की प्रत्येक साध्या झुडपात देव पेटलेला असतो, ज्याला दिसतं तो पायातली पादत्राणं काढतो, बाकीचे भोवती बसून ब्लॅकबेऱ्या तोडतात. इंग्लंडातल्या चर्चमध्ये, डायरीत, पोस्टरवर आजही सापडतील. ओळी सुंदर आहेत यात वाद नाही. पण बाई वाढली कुठे? हेरफर्डशरमध्येच, लेडबरीजवळ होप एंड नावाच्या मोठ्या वाड्यात, १८३२ पर्यंत. वडिलांचा पैसा जमैकातल्या साखरेच्या मळ्यांचा, म्हणजे गुलामांच्या कष्टाचा (गुलामगिरीविरुद्ध तिने स्वतः लिहिलं हेही खरं). त्या वाड्याच्या कुंपणाशी जी पोरं ब्लॅकबेऱ्या तोडत असतील त्यांच्या पायात काढून ठेवायला बूट होते का, एवढंच माझं म्हणणं. झुडपात देव न दिसणारी जनता म्हणून कवितेत जमा झालेली ही पोरं हिवाळ्याची सोय बघत होती.

जुनाबाजार

शब्दवेल्हाळ, शेवटचा परिच्छेद जबरी. थोडं कवयित्रीच्या बाजूने बोलतो, तिने टोला मजुरांना मारलेला नाही, तिच्यासारख्याच सुखवस्तू लोकांना मारलाय जे निसर्गात जाऊन नुसतं खाऊन येतात. शहरी मध्यमवर्गासाठी ब्लॅकबेरी वेचणं ही खरंच पिकनिकच होती, मुली-मुलगे एकत्र, पालकांची नजर जरा ढिली. त्यामुळे एकाच जाळीपाशी दोन इंग्लंड उभी असायची. पण बूट वाला मुद्दा मान्य.

पाकसिद्धी

इतकं सगळं लिहिलंत आणि कोणी खाण्याबद्दल बोलेना, कमाल आहे तुमची.

ब्लॅकबेरीबरोबर सफरचंद का येतं सगळीकडे? कारण पिकलेल्या ब्लॅकबेरीत पेक्टिन (जॅम घट्ट करणारं फळातलं द्रव्य) कमी, जॅम धरतच नाही, सरबत होऊन बसतं. आंबट हिरवं सफरचंद घातलं की धरतं, शिवाय माल वाढतो आणि त्याच आठवड्यात वाऱ्याने पडलेली सफरचंदं फुकट मिळतात. हेरफर्डशर तर सायडरचा (सफरचंदाच्या दारूचा) जिल्हा, सफरचंदांना तोटा नाही. मजुराच्या घरी ओव्हन नसायचा बहुधा, एका चुलीवर एक मोठं भांडं. त्यामुळे ओव्हनमध्ये भाजायचा फळांचा 'पाय' (pie) वगैरे श्रीमंतांचं. गरिबाघरी पीठ आणि जनावराची चरबी (सुएट) मळून, लाटून, आत फळ भरून, फडक्यात गच्च बांधून उकळत्या पाण्यात तासन्‌तास सोडायचं पुडिंग. त्याच पाण्यात जाळीत बांधून बटाटे, कोबी, असला तर मांसाचा तुकडा. सगळं एका भांड्यात.

जॅमच्या बाटल्यांना झाकणं नव्हती, कागद कापून अंड्याच्या पांढऱ्यात बुडवून बरणीच्या तोंडावर ताणून बसवायचे, वाळला की ढोलकीच्या कातड्यासारखा कडक. बिया दातात नको असतील तर फडक्यातून गाळून जेली. व्हिनेगरमध्ये फळं भिजत घालून, गाळून, साखर घालून उकळलेलं सरबत सर्दी-खोकल्याला, गरम पाण्यातून. हे मी केलंय, मस्त लागतं.

वेचणाऱ्यांसाठी टीप: घोसाच्या अगदी टोकाचं फळ सगळ्यात आधी पिकतं, सगळ्यात मोठं आणि गोड, ते तसंच खायचं. मागची नंतर पिकतात, बारीक आणि बियाळ, ती जॅमला. फळ ओढायचं नाही, बोट लावल्यावर सुटलं तर पिकलं. आणि काटे आतल्या बाजूला वळलेले असतात त्यामुळे हात झटकन मागे घेतलात की अजून रुततात, आधी पुढे न्यायचा मग सोडवायचा. जुन्या लोकांकडे यासाठीच आकड्याची काठी असायची.

मेलबर्नची_माय

शीर्षकात व्हिक्टोरियन वाचून मला वाटलं आमच्या व्हिक्टोरिया राज्याबद्दल आहे, पण वाचत गेले तर खरंच संबंध लागतो. आमच्याकडे ब्लॅकबेरी म्हटलं की शेतकरी शिव्या देतात. बॅरन फर्डिनांड फॉन म्यूलर म्हणून जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञ १८५३ पासून इथले सरकारी बॉटनिस्ट होते, मेलबर्नची बोटॅनिक गार्डन पण १८५७ ते १८७३ त्यांच्याकडे. गृहस्थ डोंगरदऱ्यांत फिरताना ओढ्याकाठी ब्लॅकबेरीच्या बिया टाकत जायचे, पुढे येणाऱ्या भुकेल्या वाटसरूला खायला मिळावं म्हणून. हेतू किती चांगला! पण इथे थंडी तेवढी कडक नाही, नैसर्गिक शत्रू नाहीत, दऱ्याच्या दऱ्या जाळ्यांनी भरल्या. आज तो राष्ट्रीय पातळीवरचा तण आहे, १९९१ मध्ये मुद्दाम तांबेऱ्याची बुरशी आणून सोडली त्याच्यावर, तरी पुरता जात नाही. कुंपणातलं जे झाड तिथे गरिबाला बूट देत होतं ते इथे कुंपणच गिळतं.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पण हाच प्रकार, सिॲटल-पोर्टलंडवाले सांगतील. तिथल्या तणाला 'हिमालयन ब्लॅकबेरी' म्हणतात कारण ल्यूथर बर्बँक या कॅलिफोर्नियातल्या रोपवाल्याने १८८५ मध्ये भारतातून आलेल्या बियांपासून ती वाढवली आणि नाव ठोकून दिलं. मूळ हिमालयातलं नाहीच ते, आर्मेनियाकडचं आहे.

देवगडकर

माय, म्हणजे महाबळेश्वरला कोणी लावायचं म्हणालं तर? एक मित्र तिकडे प्लॉट घेऊन बसलाय आणि हा धागा मी त्याला पाठवून चुकलोय.

मेलबर्नची_माय

बिनकाट्याच्या, नर्सरीतल्या जाती मिळतात, त्या तारेवर बांधून आणि दर वर्षी फळं देऊन झालेल्या फांद्या बुडापासून कापून ठेवल्या तर आटोक्यात राहतात. फळ दुसऱ्या वर्षाच्या फांदीवर येतं, त्यामुळे पहिल्या वर्षीची कापू नका म्हणावं. टोकं जमिनीला टेकू द्यायची नाहीत, टेकली की तिथे नवं झाड. रानात बिया बिलकुल टाकू नका. आणि मित्र इकडे कधी आला तर रस्त्याकडेची ब्लॅकबेरी तोंडात घालू देऊ नका, कौन्सिलवाले तणनाशक फवारतात आणि पाटी प्रत्येक ठिकाणी लावलेली असतेच असं नाही.